वढवाणा तलाव

गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यातील सिंचन-तलाव व पक्ष्यांचे पाणथळ. वाघोडिया तालुक्याच्या दक्षिणेस, डभोई तालुक्यात. सौराष्ट्रातील वढवाण शहराशी किंवा पालघरच्या वाढवणशी याचा संबंध नाही. नावामुळे घोटाळा मात्र नेहमी होतो.

छप्पनियाच्या दुष्काळात (१८९९–१९००) बडोदे संस्थान होरपळले. त्यानंतरच्या दशकात तिसरे सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत हा तलाव बांधला गेला व १९१० च्या सुमारास तयार झाला. ओरसंग नदीचे पाणी जोजवा येथील बंधाऱ्यावरून कालव्याने यात येते. त्याआधी १८९२ मध्ये वाघोडिया तालुक्यातील आजवा येथे बांधलेले सयाजी सरोवर बडोदे शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी होते; वढवाणा शेतासाठी. पक्ष्यांचा विचार दोन्हींच्या आराखड्यात नव्हता.

तरीही पक्षी आले, आणि त्याचे श्रेय शेतीलाच द्यावे लागते. पावसाळ्यानंतर तलाव भरलेला असतो, तेव्हा लालसरी, वारकरी यांसारखे बुडी मारणारे पक्षी जमतात. रब्बीला पाणी सुटू लागले की काठ उघडा पडतो व चिखलात तुतारी, पाणटिवळे चोची खुपसत फिरतात. भोवतालच्या गव्हाच्या कोवळ्या पिकावर पट्टकादंब व कलहंस चरतात. शेतकऱ्याला हे कौतुक महागात पडते.

येथे येणाऱ्या तलवार बदक व तरंग या बदकांची वीण बरीचशी सायबेरियातील तळ्यांवर होते. ती तळी गोठली की हे पक्षी मध्य आशियाई उड्डाणमार्गाने दक्षिणेस येतात. पट्टकादंब तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्यांमुळे तो दुरूनही ओळखू येतो. पश्चिम भारतात एरवी तुरळक असणारी मोठी लालसरी येथे हिवाळ्यात नियमित दिसते. पॅलासचा मत्स्यगरुड व डाल्मेशियन झोळीवाला (पेलिकन) यांचीही नोंद आहे. पक्षी पाहण्यास डिसेंबर-जानेवारी उत्तम. मार्च सरता सरता बहुतेक पाहुणे उत्तरेला निघतात.

सुमारे ६३० हेक्टरांचे हे क्षेत्र २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आले. गुजरातमधील नळसरोवराला (२०१२) हा मान आधीच मिळाला होता. राज्यातील थोळ वढवाणाबरोबरच यादीत आले, तर खिजडिया त्यानंतर. यादीत नाव गेले तरी तलावाचे पाणी आजही आसपासच्या गावांच्या शेतीलाच जाते.