नऊशे शब्दांची शिदोरी



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी आठवीत असताना माझी एक वही जप्त केली होती. आम्हा चौघा मित्रांना ‘च’ची भाषा अपुरी वाटू लागली होती; ती वर्गात सर्वांनाच येत असे. म्हणून आम्ही स्वतःची भाषा करावयास घेतली. वहीत साठसत्तर शब्द जमले होते. सरांनी ती चाळली, रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “यात मास्तर आहे, छडी आहे, पळा आहे. पाणी कुठे आहे? आई कुठे आहे?” दिवाळीच्या सुटीनंतर वही परत मिळाली, तेव्हा त्यातले दहा शब्दही आम्हाला आठवत नव्हते.

आधी कोणते शब्द करावेत आणि केलेले शब्द स्मरणात का राहत नाहीत, हे दोन प्रश्न एका शाळकरी मुलाने फार गांभीर्याने घेतले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. लुडविक झामेनहोफ याचा जन्म १८५९ साली तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील ब्यालिस्तोक या गावी झाला. रशियन, पोलिश, जर्मन आणि यहुदी तेथे शेजारी राहत. परंतु प्रत्येकाची भाषा निराळी आणि मनेही दुरावलेली. सर्वांना सारखीच परकी, म्हणून सर्वांना सारखीच आपली अशी एखादी भाषा असावी, हे त्या मुलाच्या मनाने घेतले.

व्याकरण सोपे करणे त्याला फारसे जड गेले नाही. धास्ती वाटली ती जाडजूड शब्दकोशांची. त्यातून वाट दिसली ती रस्त्यावरच्या दोन पाट्यांमुळे. एक द्वारपालाच्या खोलीची, दुसरी मिठाईच्या दुकानाची. दोन्ही रशियन शब्दांच्या शेवटी ‘स्काया’ हे एकच शेपूट. आपल्या दवाखाना, छापखाना, कारखाना या शब्दांतील ‘खाना’सारखेच ते. एक प्रत्यय हाती आला की शेकडो शब्द पाठ करण्याचे श्रम वाचतात, हे त्याच्या ध्यानी आले.

मूळशब्दांच्या बाबतीत मात्र तो आमच्यासारखाच फसला. प्रथम त्याने एकदोन अक्षरांचे, कशाशीही नाते नसलेले शब्द रचले. हिशेबाला ते सुटसुटीत होते. परंतु खुद्द रचणाऱ्याच्याच स्मरणात राहिनात. तेव्हा ते टाकून तो युरोपातील बोलत्या भाषांकडे वळला आणि अनेकांच्या ओळखीचे शब्द त्याने वेचले. भाकरीला त्याने ‘पानो’ म्हटले. पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आलेला ‘पाव’ त्याच लॅटिन कुळातला आहे.

नुसते उसने घेऊनही भागत नाही. त्याच सुमारास, १८७९-८० मध्ये, श्लायर या जर्मन धर्मगुरूने ‘व्होलाप्यूक’ भाषा काढली होती. त्याने इंग्रजी ‘वर्ल्ड’चे ‘व्होल’ आणि ‘स्पीक’चे ‘प्यूक’ केले. शब्द घेतले, पण ओळख पुसून टाकली.

झामेनहोफची पुस्तिका २६ जुलै १८८७ रोजी वॉर्सात निघाली. लेखकाचे नाव घातले होते ‘डॉक्टर एस्परान्तो’, म्हणजे आशा बाळगणारा; तेच पुढे भाषेचे नाव झाले. सोबतच्या कोशात सुमारे ९०० मूळशब्द होते. एवढ्यावर संसार कसा चालावा? ‘साना’ म्हणजे निरोगी. आधी ‘माल’ लावला की ‘मालसाना’, आजारी. त्यावरून ‘मालसानुलो’, आजारी माणूस. आणि ‘मालसानुलेयो’, रुग्णालय. ‘लेर्नी’ म्हणजे शिकणे, ‘लेर्नेयो’ म्हणजे शाळा. पाण्याला ‘आक्वो’ आहे. आई मात्र पित्यावरून साधली आहे: ‘पात्रो’, ‘पात्रीनो’. आईला स्वतःचा शब्द नसावा, हे पुढे अनेकांना खटकले. सरांनाही खटकले असते.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्या पुस्तिकेतील एक घोषणा. आंतरराष्ट्रीय भाषा ही सर्वांची मालमत्ता आहे, असे सांगून झामेनहोफने तिच्यावरील आपले हक्क सोडले. श्लायरने आपल्या भाषेवरची सत्ता सोडली नाही आणि ती भांडणांतच क्षीण झाली. एस्परान्तोत मात्र लोकांनी नवे शब्द आणले. काहींना ‘मालसानुलेयो’ लांब वाटला, त्यांनी सरळ ‘होस्पितालो’ रूढ केला. १९७० च्या मोठ्या सचित्र कोशात पंधरा हजारांहून अधिक नोंदी झाल्या.

त्या भाषेने माणसांचे वैर मिटवले नाही. १९०६ मध्ये ब्यालिस्तोकमध्येच यहुद्यांची कत्तल झाली. झामेनहोफ १९१७ साली वारला. त्याच्या तिन्ही मुलांचा पुढे नाझींनी बळी घेतला. भाषा मात्र बोलणाऱ्यांनी जगवली.

शब्द घडविण्याचा हा उद्योग आपल्या बडोद्याला परका नाही. सयाजीराव महाराजांच्या आज्ञेने राज्यकारभारासाठी आठ भाषांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ सिद्ध झाला आणि १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्यात मराठी आहे. आपल्याकडे शब्दांची वाण कधीच नव्हती.

तरीही गेल्या वर्षी मी पुन्हा एक वही केली. माझा नातू दिवसभरात माझ्याशी जे मराठी शब्द बोलला, ते मी रात्री आठवून लिहिले. दोन पानेही भरली नाहीत. जेव, दार, पाणी, उद्या, आजोबा. दोष त्याचा नाही. बाकीचे शब्द मीच त्याच्याशी बोललो नव्हतो. नऊशे शब्दांवर निघालेल्या भाषेचे हजारो शब्द झाले, आणि ज्ञानेश्वरांपासून चालत आलेली भाषा माझ्या घरात दोन पानांवर आली.

आता रोज जेवताना मी त्याला एक गोष्ट सांगतो. परवा त्याने विचारले, “आजोबा, ‘शिदोरी’ म्हणजे काय?” मी तो शब्द वहीत लिहिला. तिसरे पान सुरू झाले आहे.