शाफ्टवरचं झाकण

मागच्या उन्हाळ्यात पोरानं ट्रॅक्टर खोलायला काढला. म्हणाला, "आबा, नको ते समदं काढून टाकू. निम्मं वझं ह्याच्या अंगावर फुकटचं हाय." मी म्हटलं, काढ, पण काढलेलं एका जागी ठेव. मला बघायचंय.

ट्रॅक्टर मित्सुबिशी शक्ती, साडेअठरा हॉर्सपॉवरचा. बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीनं जपानच्या मित्सुबिशीचं तंत्र घेऊन केलेला. १९९९ साली मी तो तासगावच्या एका द्राक्षबागायतदाराकडून जुनाच घेतला. तिकडं ह्या छोट्या ट्रॅक्टरला फार मान. मोठा ट्रॅक्टर द्राक्षाच्या दोन ओळींत घातला तर वेल आणि तारा दोन्ही घेऊन बाहेर येईल. आमच्या खंडाळ्याकडं माझ्या रानात कांदा, ज्वारी, बाजरी, गहू. धोम-बलकवडीचा कालवा आला तिथं लोकांनी ऊस केला. त्यामुळं हा ट्रॅक्टर आमच्याकडं नांदायला आला तो माहेरचे दागिने अंगावर घेऊनच.

दागिने म्हणजे काय? मागं फवारणीच्या ब्लोअरची चौकट. टाकी आवळायच्या लोखंडी पट्ट्या. मडगार्डवर औषधाच्या बाटल्यांचा डबा. पाला करपू नये म्हणून खाली वळवलेला सायलेन्सर. आणि सीटवरून पुढं गेलेली पाइपाची कमान, वेलाच्या फांद्या तोंडावर येऊ नयेत म्हणून गावातल्याच वेल्डिंगवाल्यानं केलेली. हे सगळं पंचवीस वर्षं आम्ही रानातनं मिरवलं. डिझेल आमचं जळत होतं.

कमान काढायला पोरगा तयार होईना. म्हणाला, ट्रॅक्टर पालथा झाला तर ही वाचवंल. मी हातोडीनं ठोकून दाखवली. पाण्याच्या नळाचा पाइप तो, माणसाचा भार आला तरी वाकंल. उलटल्यावर चालक वाचावा म्हणून जो सांगाडा असतो तो वेगळा, जाड आणि चेसिसला धरलेला. स्वीडनमध्ये १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर तो सक्तीचा झाला. आपली कमान दिसायला तशी, पण कामाची नाही. काढली.

यंत्र आलं की त्याला आपल्या सोयीनं जोडायचं-तोडायचं, ही खोड आपल्या भागात जुनीच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग १९०३ साली लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते म्हणून लोक तो घेईनात. पुढं १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला आणि तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. तोवर लोकांची भीती मोडत आली होती. आमच्या आज्ज्यानं लोखंडी नांगर घेतला, पण रुमणं बाभळीचं बसवून घेतलं. हाताला लोखंड नको म्हणाला. त्याला कुणी हसलं नाही, कारण रुमणं बदलून कुणाला इजा होत नव्हती.

दुपारी पोरानं ढिगावर अजून एक पत्रा आणून टाकला. "हे गोठ्यात पडलं होतं. कोंबडी अंडी घालती ह्यात. भंगारातच द्यायचं ना?"

ते पीटीओच्या शाफ्टवरचं झाकण होतं.

ते मीच काढलं होतं, ट्रॅक्टर आला त्याच वर्षी. मळणी मशीनचा जोडशाफ्ट लावताना त्याच्यामुळं हात नीट जात नव्हता, पिन बसवायला वेळ लागायचा. चार बोल्ट काढले, झाकण गोठ्यात टांगलं. तासगावचे दागिने तसेच ठेवले आणि कंपनीनं दिलेला हा एक तेवढा उतरवला. अक्कल म्हणायची ती ही.

पीटीओ चालतो मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या हिशेबानं, म्हणजे सेकंदाला नऊ. माणूस "अरे" म्हणेपर्यंत चार-पाच वेढे पडलेले असतात. दुसऱ्या वर्षी गव्हाच्या मळणीत थोरले दादा ट्रॅक्टरच्या मागनं पोतं घ्यायला वाकले. कुसळं नकोत म्हणून तोंडाला उपरणं बांधलेलं. त्याचं टोक शाफ्टच्या क्रॉसमध्ये गेलं. उपरणं जुनं होतं म्हणून फाटलं आणि दादा राहिले. उजवा हात कोपरात मोडला, तो पुढं कधी सरळ झाला नाही. जेवताना घास तोंडाशी न्यायला ते मान खाली आणायचे.

सगळा गाव म्हणाला, मळणीला उपरणं कशाला गुंडाळायचं. दादाही तेच म्हणायचे, "माझीच चूक." मीही मान हलवली. झाकणाचं कुणाला ठाऊक नव्हतं. वहिनींना आजही नाही.

पुढं वाचनात आलं की पंजाब-हरियाणात मळणी यंत्रांनी इतके हात नेले, की सरकारला १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. म्हणजे मी बोल्ट काढले त्याच्या सोळा वर्षं आधीच. कारखान्यातला माणूस उगाच पत्रा वाया घालवत नाही, एवढं मला कळायला हवं होतं. कायदा वाचायची त्याला गरज नव्हती.

हे सगळं मी पोराला ढिगाशेजारी बसून सांगितलं. दादा जाऊन चार वर्षं झाली, तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग विचारलं, "काकीला सांगायचं का?" मी म्हटलं, मी सांगंन. अजून सांगितलेलं नाही. आता हे छापून आलं की नातू त्यांना वाचून दाखवील, त्याच्या आत मला जायला पाहिजे.

झाकण घासलं तर खाली निळा रंग शाबूत होता. जुने बोल्ट सापडले नाहीत, शिरवळवरनं नवे आणले. एक भोक गंजून मोठं झालेलं, तिथं वायसर घातला. बाकीचं भंगारवाल्यानं नेलं, त्रेचाळीस किलो भरलं. कोंबडीला घमेलं दिलंय, पण ती अजून त्यात बसत नाही.