प्रोग्रॅम आहे, पण सापडत नाही : फाइल कॉपीची चाळीस वर्षं

आजची गोष्ट एका एरर मेसेजची. तुम्ही तुमच्या मशीनवरून दूरच्या सर्व्हरवर फाइल पाठवायला जाता आणि उत्तर येतं, ‘एससीपी : कमांड नॉट फाउंड’. म्हणून तुम्ही त्या सर्व्हरवर लॉगिन करून बघता, तर एससीपी तिथे आहे आणि मस्त चालतंय! मग खोटं कोण बोलतंय?

खोटं कुणीच बोलत नाहीये. हे कळायला थोडं मागे जाऊ.

१९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती आली, आणि तिच्यासोबत बोर्न शेल. त्यात ‘पाथ’ नावाची सोय होती. पाथ म्हणजे फोल्डरांची यादी. तुम्ही कमांडचं नुसतं नाव लिहायचं, शेल त्या यादीतले फोल्डर एकेक करून धुंडाळतो. यादीत नसलेल्या फोल्डरात प्रोग्रॅम असला तरी शेलच्या लेखी तो नाहीच.

पुढे १९८३ मध्ये बर्कली विद्यापीठाचं ४.२ बीएसडी आलं. त्यात आरसीपी होतं, म्हणजे रिमोट कॉपी. त्याची युक्ती भारी होती. कॉपीसाठी वेगळा सर्व्हर बनवायचाच नाही. पलीकडच्या मशीनला सांगायचं, ‘तुझ्याकडचं आरसीपी चालू कर’, आणि मग दोन्हीकडच्या आरसीपींनी आपसात बोलायचं. पण पलीकडचं आरसीपी शोधणार कोण? पलीकडचा शेल, त्याच्या स्वतःच्या पाथमध्ये.

आरसीपीमध्ये सगळं उघड्यावर जायचं, कुणीही वाटेत ऐकावं. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात पासवर्ड चोरीचा प्रकार झाला आणि तिथल्या तातू यलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. सोबत एससीपी आलं. कुलूप नवीन, पण आतली युक्ती जुनीच. त्यामुळे जुनी अडचणही सोबत आली.

आता त्या एररचा उलगडा. तुम्ही लॉगिन करता तेव्हा शेल ‘प्रोफाइल’ फाइल वाचतो आणि पाथची यादी लांबते. एससीपीने बाहेरून दिलेली कमांड मात्र लॉगिनशिवाय चालते. प्रोफाइल वाचलीच जात नाही, यादी तोकडी राहते. एससीपी एखाद्या वेगळ्या फोल्डरात, समजा ‘युजर-लोकल-बिन’मध्ये असेल, तर सापडत नाही. वस्तू घरात आहे, पण कुठलं कपाट उघडायचं हे हाक ऐकणाऱ्याला सांगितलेलंच नाही.

मग करायचं काय? आधी लॉगिन न करता, एसएसएचमधूनच पलीकडचा पाथ छापून घ्या. इथे एक गंमत आहे. कमांड सिंगल कोटमध्ये लिहा, नाहीतर तुमच्याच मशीनचा पाथ छापला जाईल आणि तुम्ही चकाल! मग लॉगिन करून पुन्हा छापा. दोन याद्यांतला फरक म्हणजे तुमचं उत्तर. पलीकडे बॅश असेल तर पाथची ओळ सहसा ‘बॅशआरसी’त टाकून भागतं, पण फाइलच्या अगदी वर. कारण बऱ्याच ठिकाणी शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर ही फाइल सुरुवातीलाच थांबते. आणि तिथे ‘वेलकम’ वगैरे छापू नका. ती अक्षरं दोन एससीपींच्या संवादात घुसतात आणि कॉपी फसते. आरसिंक वापरत असाल तर सोपं आहे. ‘आरसिंक-पाथ’ या पर्यायात पलीकडचा पूर्ण पत्ता देता येतो.

एप्रिल २०२२ मध्ये ओपनएसएसएच ९.० आलं आणि एससीपी आतून एसएफटीपी वापरू लागलं. पलीकडच्या एसएफटीपी प्रोग्रॅमचा पत्ता सर्व्हरच्या सेटिंगमध्येच दिलेला असतो, पाथमध्ये शोधाशोध नाही. म्हणजे १९८३ ची ती युक्ती जवळपास ३९ वर्षांनी बाजूला झाली. जुने सर्व्हर अजून आहेत म्हणा, त्यांच्यासाठी कॅपिटल ‘ओ’चा पर्याय देऊन जुनी पद्धत चालू करता येते.

तेव्हा पुढच्या वेळी ‘नॉट फाउंड’ दिसलं की लगेच इन्स्टॉल करायला धावू नका. आधी विचारा : शोधलं कुणी, आणि कुठे?

भेटू पुढच्या भागात!