बीज, माती आणि मानेतला टप्पा

मुखकर्करोगाने जबड्याचे हाड पोखरणे आणि त्याच्या पेशी दूरच्या मणक्यात जाऊन रुजणे, या दोन भिन्न घटना होत. पहिलीत गाठ शेजारच्या हाडात सरळ शिरते. दुसरीत पेशी रक्तावाटे प्रवास करतात. या प्रवासाचा उलगडा होण्यास अनेक दशके लागली.

१८८९ साली लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी स्तनकर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. यकृतात गाठी वारंवार आढळत, प्लीहेत मात्र क्वचित. हाडांतही काहीच हाडे अधिक बाधित होत. हा केवळ योगायोग नव्हे, हे ओळखून त्यांनी कर्करोगपेशीला बीजाची आणि अवयवाला मातीची उपमा दिली. १९४० मध्ये अमेरिकेतील ऑस्कर बॅटसन यांनी मणक्यांभोवतीच्या, झडपा नसलेल्या शिरांचे जाळे दाखवले. तेथे रक्त उलट दिशेनेही वाहू शकते. म्हणजे बीजाला मातीपर्यंत नेणारी एक वाट सापडली. रुजलेल्या पेशी हाडातील अस्थिभक्षक पेशींना चेतवतात आणि झिजत्या हाडातून सुटणारी वाढद्रव्ये पुन्हा गाठीलाच पोसतात, हे त्यानंतर बऱ्याच काळाने उमगले.

भारतात या आजाराचे ओझे मुखाशी जोडलेले आहे. मुंबईत १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला.

मुखकर्करोग बहुधा आधी मानेतील लसिकाग्रंथींत उतरतो. दूरचा विस्तार त्यामानाने कमी आणि उशिरा होतो. तोही फुप्फुसांत अधिक, हाडांत त्याखालोखाल. म्हणूनच मानेचा टप्पा निर्णायक ठरतो. याच रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी प्रारंभिक अवस्थेतील रुग्णांवर केलेली चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. मानेतील ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. ग्रंथींत रोग दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. चाचणी हाडांविषयी नव्हती; पण वाट पाहण्याची किंमत तिने आकड्यांत मांडली.

रोग हाडांत पोहोचला की उपचारांचा भर बहुधा वेदनाशमनावर आणि हाड मोडू न देण्यावर राहतो. त्यामुळे तोंडात तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा मानेत न दुखणारी गाठ आढळली, तर ती त्वरित दाखवावी. मातीपर्यंत पोहोचण्याआधीच बीज अडवता येते.