एका गुरुजींची शाळा : पेण-रोह्याकडील लहान शाळांची हकीकत

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती, ओव्या आणि आरोग्याच्या चार गोष्टी दरवर्षी असतातच. यंदा इतिहासावर काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले. इतिहास म्हटला की आपल्या जिल्ह्यात सर्वांना किल्ले रायगड आठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या इतिहासाशी आपल्यापैकी बहुतेकींचा रोजचा संबंध आला, तो गावातल्या कौलारू शाळेचा. ती शाळा कशी सुरू झाली, तेथे दिवस कसा जाई, आणि तेथवर पोचायला कोणाकोणाला किती वर्षे लागली, हे लिहून ठेवावे असे मनात आले. मंडळात कोणाचे माहेर पेण तालुक्यात, कोणाचे रोह्याकडे. म्हणून दोन्हीकडचे एकत्रच सांगते.

सरकारी शाळा येण्यापूर्वी आपल्याकडे पंतोजींची गावठी शाळा असे. एखाद्याच्या ओटीवर किंवा देवळाच्या ओवरीत ती भरे. लाकडी पाटीवर धूळ पसरायची आणि त्यात काडीने अक्षर गिरवायचे, याला धुळाक्षर म्हणत. पंतोजींना पगार नव्हता. पावसापाण्यावर पीक आले की घरोघरून धान्य आणि सणावाराला शिधा मिळे. शिकायचे ते मोडी लिहिणे, हिशेब आणि पाढे. मोठा मुलगा लहानाला शिकवी. हीच रीत मद्रासकडे पाहून अँड्र्यू बेल नावाच्या पाद्रीने ती आपल्या देशात नेली आणि १७९७ साली त्यावर पुस्तक लिहिले. पुढे इंग्लंडातल्या गरिबांच्या शाळा काही काळ याच पद्धतीवर चालल्या. आपल्या ओटीवरची युक्ती किती दूर गेली पाहा! मात्र त्या ओटीवर मुलगी नसे, आणि गावकुसाबाहेरचा मुलगाही नसे.

मुंबई इलाख्यात १८५५ साली सरकारचे शिक्षण खाते निघाले आणि हळूहळू मोठ्या गावांतून मराठी शाळा झाल्या. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने या शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डाकडे गेला. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता. रायगड हे नाव १९८१ सालचे. जुनी माणसे अजूनही ‘बोर्डाची शाळा’ म्हणतात, ते याच बोर्डावरून. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद आली आणि शाळांवरच्या पाट्या बदलल्या.

पाटी सरकारची झाली, तरी दार सर्वांना लगेच उघडले असे नाही. १९२३ सालीच सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला होता. सार्वजनिक पैशाने चालणारी पाणवठे, धर्मशाळा, शाळा ही ठिकाणे अस्पृश्यांना मोकळी असावीत, असा तो ठराव. ठराव कागदावर राहिला, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी आपल्याच जिल्ह्यातील महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. तळ्याचे पाणी आणि शाळेची सतरंजी यांचा प्रश्न एकच होता. आज वर्गात सगळी मुले एका ओळीत बसून जेवतात, त्यामागे हे सारे आहे हे मुलांना सांगितले पाहिजे.

आता दिवस कसा जाई ते सांगते. बहुतेक वाड्या-पाड्यांवर पहिली ते चौथी अशा चार यत्ता, एकच खोली आणि एकच गुरुजी. सकाळी मुले येत ती झाडू आणि पाण्याची कळशी हाती घेण्यासाठीच. मातीची जमीन दर आठवड्याला शेणाने सारवायची. मुलींनी सारवायचे आणि मुलांनी शेण-पाणी आणायचे, ही वाटणी ठरलेली. मग प्रार्थना, मग हजेरी. प्रार्थनेबरोबर म्हटली जाणारी प्रतिज्ञा १९६२ साली पैडिमर्री व्यंकट सुब्बाराव या आंध्रातल्या गृहस्थांनी लिहिली आणि १९६५ पासून देशभरच्या शाळांतून ती सुरू झाली. रोज म्हणतो, पण लिहिणाऱ्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते.

एका गुरुजींनी चार यत्ता कशा सांभाळायच्या? ती एक कलाच होती. चौथीला शुद्धलेखन घालायचे, तिसरीला फळ्यावर हिशेब, दुसरीला पुस्तक उघडून मनात वाचायला सांगायचे, आणि तेवढ्या वेळात पहिलीच्या मुलाचा हात धरून ‘ग’ गिरवून घ्यायचा. चौथीतली हुशार मुलगी दुसरीची पाटी तपासे. घरी चूल आणि धाकटे भावंड एकाच वेळी सांभाळणाऱ्या बायकांना हे काम काय असते ते समजावून सांगायला नको. अशा शाळेत एक फायदाही असे. पहिलीचे पोर कानावर पडून पडून तिसरीच्या कविता पाठ म्हणे. तोटा एवढाच, की गुरुजींना ताप आला किंवा तालुक्याला कामासाठी जावे लागले की शाळाच बंद.

दगडी पाटी ओल्या फडक्याने पुसायची हा नियम. पण फडके कोणाजवळ असे? थुंकी लावून पुसली की गुरुजी रागावत. दुपारनंतर पाढे. नुसते दोन ते तीसच नव्हेत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकीसुद्धा. आजच्या मुलांना ही नावेच गंमतीची वाटतील. पण रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि मणाचे चाळीस शेर असा हिशेब असताना पाव-पाऊण तोंडी आल्यावाचून बाजारात निभाव नव्हता. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पुढच्या काही वर्षांत किलो आणि लिटर आले, आणि या पाढ्यांची गरज सरली. तरी ज्या आजीबाईंनी दिडकी पाठ केली, त्या दुकानदाराच्या आधी हिशेब सांगतात. पुस्तकेही तेव्हा निरनिराळी असत. आचार्य अत्र्यांची नवयुग वाचनमाला कित्येक घरांत जपून ठेवलेली सापडते. एकाच सरकारी संस्थेची पुस्तके आली ती १९६७ साली ‘बालभारती’ स्थापन झाल्यानंतर. थोरल्याचे पुस्तक धाकट्याला, हा क्रम मात्र दोन्ही काळांत सारखाच.

आपल्या भागातल्या शाळेचे खरे घड्याळ भिंतीवर नसे, ते शेतात असे. जूनमध्ये शाळा उघडते आणि त्याच वेळी भाताची पेरणी असते. जुलैत लावणी लागली की हजेरीपट निम्मा रिकामा. आई चिखलात, म्हणून थोरली मुलगी धाकट्याला घेऊन बांधावर. डोक्यावर इरले घेऊन येणाऱ्या मुलांची पाटी इरल्याखाली कोरडी राही, पण ओढ्याला पाणी आले की वाटेतूनच मागे फिरावे लागे. पेण शहर आणि जोहे-हमरापूरच्या बाजूला गणपतीच्या मूर्तींचे कारखाने. तेथे सणाआधी घरातल्या सर्वांचे हात रंगात. खारेपाटात भात निघाले की मिठागरांचे काम, आणि पिण्याच्या पाण्यासाठी बायका-मुलींची पायपीट वेगळीच. हेटवणे धरण पेण तालुक्यात, त्याचे पाणी नवी मुंबईला जाते, आणि खारेपाटातल्या मुली हंड्यासाठी शाळा बुडवत आल्या, ही गोष्ट लिहिताना बरे वाटत नाही. रोह्याकडे भिऱ्याच्या वीजघरातून सुटणारे पाणी कुंडलिकेला मिळते, त्यामुळे कालव्याखाली उन्हाळी भातही होते. पीक दोनदा आले म्हणजे घरात धान्य आले, हे चांगलेच. पण मुलांच्या हाताला कामही दोनदा आले.

सर्वांत कठीण गोष्ट कातकरी वाडीची. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे जूनमध्ये नाव घातलेले मूल परीक्षेला गावात नसते. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच यत्तेत, मग लाज वाटते, मग शाळा सुटते. मूल मठ्ठ नसते. रानातल्या पन्नास झाडांची नावे त्याला ठाऊक असतात. पण हजेरीपट भट्टीवर जात नाही. ठाणे जिल्ह्याच्या त्या वेळच्या हद्दीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे ओळखले होते. १९४५ साली बोर्डीला त्यांनी काम सुरू केले, पुढे कोसबाडला नेले. मुले गुरांमागे रानात जातात, तर शाळाच कुरणात भरवावी म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली, आणि पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज आपण रोज वापरतो, त्याचे मूळ तेथे आहे. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने दोन पावले पुढे जावे, हा त्यांचा धडा.

सणांचे दिवसही सांगितले पाहिजेत. दसऱ्याला पाटीवर एकाचे आकडे जुळवून सरस्वती काढायची आणि तिला फुले वाहायची. सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्टला प्रभातफेरी. आणि वर्षातून एकदा ‘दिपोटी’ साहेबांची तपासणी! त्या आठवड्यात सारवण दोनदा, नखे कापलेली, आणि गुरुजींचा आवाज एरवीपेक्षा मऊ.

आता मुलींविषयी. आपल्या दोन तालुक्यांनी देशाला मोठी माणसे दिली. आचार्य विनोबा भावे पेण तालुक्यातील गागोद्याला १८९५ साली जन्मले. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९२० सालचा, रोह्याचा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख नाते गावी जन्मले, पण त्यांचे बालपण रोह्यात गेले. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. ही नावे अभिमानाने घ्यावीत. पण त्यांच्या वयाच्या मुली त्या वेळी कोठे होत्या, हेही विचारावे. विनोबांच्या आईंना, रुक्मिणीबाईंना, गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत येत नव्हते. आई १९१८ साली गेल्या. पुढे १९३०-३१ मध्ये विनोबांनी सोप्या मराठीत ‘गीताई’ रचली. एका बाईची वाचण्याची इच्छा पुरी व्हायला इतका काळ गेला, आणि ती स्वतः ते पाहायला राहिली नाही.

१९४७ च्या कायद्याने शिक्षण सक्तीचे करण्याची तरतूद झाली. चिंतामणरावांच्या पत्नी दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली १९५८-५९ मध्ये स्त्री-शिक्षणाची राष्ट्रीय समिती बसली. मुलींना शाळेत आणायचे तर जवळ शाळा हवी आणि शिकवायला बाई हवी, हे अशा प्रयत्नांतून लोकांपुढे आले. साताऱ्यात १९५९ साली सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम १९६१ पासून राज्यभर गेली आणि कित्येक प्रौढ बायका कंदिलाच्या उजेडात सही करायला शिकल्या. अंगठा सुटला, हा त्या काळचा मोठा सण होता.

तरीही चौथीनंतर एक भिंत आणि सातवीनंतर दुसरी भिंत होतीच. एके काळी सातवीची ‘फायनल’ पास झालेला माणूस मास्तर होई. माझ्या वेळेपर्यंत सातवीला ती किंमत राहिली नव्हती, पण मुलींची शाळा मात्र तेथेच संपे. मी स्वतः सातवी पास आहे. पुढची शाळा नदीपलीकडे, आणि पावसात मुलीला एकटी पाठवायची कशी, हा घरच्यांचा प्रश्न खोटा नव्हता. आमच्या वर्गातल्या मुलगे सायकलवर गेले, मुली घरी राहिल्या. बुद्धीने नव्हे, अंतराने निकाल लावला.

म्हणून अंतराची गोष्ट शेवटी मुद्दाम सांगते. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे त्याचे नियम सांगतात. १९९५ पासून शाळेत तांदूळ मिळू लागला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न. बचत गटाच्या बायका खिचडी शिजवतात, आणि त्या वासाने येणारी मुले वर्गातही बसतात. इतके सारे झाल्यावर आता पट कमी म्हणून लहान शाळा मिटवण्याची भाषा ऐकू येते. २०१७ मध्ये दहाहून कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचे राज्यात ठरले. २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले गेले.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगावी. सात मुलांच्या शाळेत खेळायला गडी मिळत नाही, आणि मोठ्या शाळेत प्रत्येक यत्तेला शिक्षक असतो. पुष्कळ आया आपण होऊन मुलांना शहराच्या इंग्रजी शाळेत घालतात, म्हणून तर पट घटला. परंतु जिच्याजवळ गाडीभाड्याचे पैसे आहेत तिच्या मुलाला दूरची शाळा चालते. डोंगराकडच्या वाडीवरच्या मुलीला ती चालत नाही. गाडी देऊ म्हणतात. पण ती श्रावणात ओढ्यापर्यंत पोचेल का, आणि न आल्यास मुलीने काय करायचे, याचे उत्तर आधी हवे.

हे विचारण्याचा हक्क आपल्याला कायद्यानेच दिला आहे. प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापन समितीत पाऊण भाग पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, असे त्यात लिहिले आहे. आपल्यापैकी कितीतरी जणींची नावे अशा समित्यांवर असतील. सही करण्यापूर्वी कागद वाचावा. वाडीपासून शाळेपर्यंतची वाट एकदा पावसात चालून पाहावी, आणि भट्टीवर जाणाऱ्या मुलांची नावे दिवाळीपूर्वी गुरुजींना द्यावीत. ज्या पिढीला अंगठ्याऐवजी सही करायला इतकी वर्षे लागली, तिच्या सुना-नातींनी ती सही विचार करून करावी, एवढीच या वर्धापनदिनी सर्व भगिनींना विनंती.