महाबळेश्वर कधी सुरू झालं? एका प्रश्नाची तीन उत्तरं

मित्रांनो, पीएचडीची तयारी करताना एक अडचण तुम्हालाही येणार आहे. एकाच घटनेची तीन पुस्तकांत तीन सालं सापडतात. मग आपण त्यातलं एक 'बरोबर' ठरवतो आणि बाकीची खोडून टाकतो. मीही तेच केलं होतं. विज्ञान शाखेतून आल्यामुळे मोजमाप एकच असायला हवं, असं मला वाटायचं.

उदाहरण आपल्या जवळचंच घेऊ. आमच्या माधवनगरपासून काही किलोमीटरवर सांगलीत जी कृष्णा वाहते, तिचा उगम महाबळेश्वरला. हे थंड हवेचं ठिकाण कधी सुरू झालं? कुठे १८२४ मिळतं, कुठे १८२८, कुठे १८२९.

आता नीट बघा. १८२४ मध्ये साताऱ्याला नेमणुकीवर असलेला लष्करी अधिकारी लॉडविक डोंगर चढून वर गेला. १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी आजारी गोऱ्या सैनिकांसाठी तिथे आरोग्यधाम उभारायचं काम हाती घेतलं. १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार होऊन ती जागा कंपनीकडे आली आणि बदल्यात महाराजांना खंडाळा गाव मिळालं. (हे वाईकडचं खंडाळा, लोणावळ्याजवळचं नव्हे. अशा नावांपाशी हमखास घसरायला होतं!)

म्हणजे तिन्ही सालं बरोबर आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत. पहिला गोरा माणूस वर कधी गेला? सरकारनं कधी मनावर घेतलं? जमीन कधी हातात आली?

सैनिकांना डोंगरावर का न्यायचं, तर सखल भागातल्या दूषित हवेनं ताप येतो, असं तेव्हाचं वैद्यकशास्त्र मानायचं. हिवताप डासांमधून पसरतो, याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये मिळाला. त्यामुळे आज निसर्गप्रेमी पर्यटक जिथे सुट्टी घालवायला जातात, त्या गावाची सुरुवात दवाखान्याच्या गरजेतून झाली.

माझ्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, 'लॉडविकनं महाबळेश्वरचा शोध लावला.' गाईडनी 'शोध' शब्दाभोवती गोल काढून शेजारी एवढंच लिहिलं: 'कोणासाठी?' खरंच की! कृष्णेच्या उगमाचं देऊळ तिथे आधीपासून होतं, यात्रेकरू येत होते. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली, ती याच डोंगराच्या कुशीत. मी इंग्रजी साधनांतलं क्रियापद जसंच्या तसं उचललं होतं आणि त्याबरोबर त्यांची नजरही.

तेव्हा सालं जुळत नसतील तर लगेच खोडू नका. प्रत्येक सालापुढे ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे लिहून ठेवा. कदाचित तुमच्या प्रबंधाचा प्रश्न तिथेच सापडेल.