ब्रेन मॅपिंगमधले लाल ठिपके: घाबरण्याआधी हे वाचा

पेण किंवा रोह्याहून ईईजीसाठी पनवेल-मुंबई गाठली आणि रिपोर्टसोबत डोक्याचे रंगीत चित्र हाती आले. त्यावर लाल ठिपके दिसले की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. ‘मेंदूत बिघाड आहे का?’ याचे उत्तर नुसत्या रंगावरून देता येत नाही.

हे चित्र कसे तयार होते?

ईईजीमध्ये डोक्यावर साधारण १९ ठिकाणी इलेक्ट्रोड लावून मेंदूतील विद्युत लहरी नोंदवतात. संगणक त्यांचे डेल्टा, थीटा, अल्फा, बीटा असे गट पाडतो आणि प्रत्येक आकड्याची तुलना त्याच वयाच्या निरोगी लोकांशी करतो. १०० निरोगी माणसांत जेमतेम ५ जणांत आढळेल एवढा फरक दिसला, की ती जागा बऱ्याचदा ‘लक्षणीय’ म्हणून रंगवली जाते.

गोम कुठे आहे?

१९ जागा आणि ४ गट म्हणजे ७६ तुलना. त्यांचे ५ टक्के जवळजवळ ४ होतात. म्हणजे निरोगी माणसाच्या चित्रातही सरासरी ४ ठिपके निव्वळ योगायोगाने उमटू शकतात. म्हणून तुलना वाढल्या की निकष कडक करावा लागतो. बॉनफेरोनी पद्धतीत ५ टक्क्यांना ७६ ने भागतात. मग दीड हजारांत एखाद्यातच आढळेल असा फरक धरला जातो. अर्थात, इतक्या कडक निकषातून एखादा खरा, बारीक फरकही निसटू शकतो.

२००९ साली मांडलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील संशोधकांनी मेलेला सॅमन मासा एमआरआय यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली. अशी दुरुस्ती न करता पाहिले तर त्याच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसली. दुरुस्ती करताच ती नाहीशी झाली.

डॉक्टरांना काय विचाराल?

- किती तुलना केल्या? त्यासाठी निकष कडक केला आहे का?
- डोळ्यांची उघडझाप, जबडा आवळणे, झोप यांचा परिणाम वगळला आहे का?
- मूळ लहरींचा आलेख मेंदूविकारतज्ज्ञांनी पाहिला आहे का?

हे लक्षात ठेवा

फिटचे निदान मुख्यतः लक्षणांवरून होते. ईईजी नॉर्मल असूनही फिटचा आजार असू शकतो. म्हणून फिट कशी आली ते पाहणाऱ्या व्यक्तीला सोबत न्या, शक्य असल्यास मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवा. रंगीत चित्र पाहून गोळ्या स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका. अचानक बंद केल्यास फिट बळावू शकते. फिट ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली, तर लगेच जवळचे रुग्णालय गाठा.